तिसऱ्या ‘नको’नंतर

कराज, बारा बहमन

प्रिय बीजन,

टप्प, टप्प, टप-टप, टप्प. आठवतो का हा आवाज? आपल्या जुन्या गल्लीच्या उतारावरून ट्रकचा फेकून दिलेला टायर आपण काठीने हाकत न्यायचो, तू डावीकडून, मी उजवीकडून. काठीला ठेका असायचा सोतूदे मास्तरांचा. मास्तर टेबलावर पट्टी आपटून कवितेची चाल शिकवायचे, तीच चाल आपण टायरवर वाजवायचो. त्या वाटसरूच्या कवितेची तिसरी ओळ तुला जन्मात पाठ झाली नाही. ती आली की तू नुसतीच काठी वाजवायचास आणि ओरडायचास, "शब्द तू म्हण रे, टायर मी सांभाळतो!" सत्तर वर्षं होतील आता. हल्ली दुपारी डोळा लागला की हाच आवाज येतो आणि मी दचकून उठतो. माझी अख्तर म्हणते, "पुन्हा टायर पळवत होतास ना? पाय झाडत होतास झोपेत."

पत्र लिहितोय, कारण फोनचा उपयोग नाही. मागे केला होता तेव्हा तू दोन मिनिटं ‘कोण? कोण?’ म्हणून ओरडलास आणि मग, ‘जो कुणी असशील त्याचं देव भलं करो’ असा आशीर्वाद देऊन फोन ठेवलास. आशीर्वाद मी ठेवून घेतला, पण काळजी गेली नाही. यंदा यल्दाला, वर्षातल्या सर्वांत लांब रात्री, तुझी संत्र्यांची पेटी आली नाही. सदतीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. बर्फाने घाट बंद झाला त्या वर्षीसुद्धा चार दिवस उशिरा का होईना, बसवाल्याने आणून दिली होती. अख्तरने यंदा डाळिंबं फोडली, कलिंगड कापलं आणि संत्र्यांचा निळा वाडगा मधोमध रिकामाच ठेवला. मी म्हटलं, बाजारातून आणू का? तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. दोघंही रात्रभर त्या वाडग्याकडे न बघण्याची खटपट करत होतो.

येत्या वीस तारखेला तुला एकटं टाकून गुलनारला जाऊन वर्ष होईल. मी यायचं ठरवलं आहे, बीजन. घाट ओलांडून, स्वतः गाडी चालवत, तुझ्या तोनेकाबोनच्या दारापर्यंत. दार उघडशील की नाही ते मला ठाऊक नाही. पेटी आली नाही याचा एक अर्थ मला लागतो, आणि तो चांगला नाही. पण यायचं ठरवलं आहे आणि त्यासाठी काल टायर घेतले. त्याचीच हकीकत आधी सांगतो. बाकीचं सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागेल, आणि लहानपणी तुझं माझं सगळं बोलणं टायरवरूनच तर सुरू व्हायचं.

आमच्या वेशीवरचा टायरवाला उस्ता नादेअली तू पाहिलेला नाहीस. पोट गाडीच्या बोनेटवर टेकवून काम करतो. त्याने खिशातून एक नाणं काढलं, माझ्या टायरच्या खाचेत उभं धरलं, आणि ते बुडालंच नाही. म्हणाला, "इंजिनियरसाहेब, याचं फूल केव्हाच गळालंय. हा टायर नाही, ही टाळू आहे." असं म्हणून त्याची नजर माझ्या डोक्यावर गेली, मग तो घाईने खाली बघू लागला. अख्तर मात्र मोठ्याने हसली. मला आपला त्या शब्दाचाच नाद लागला. टायरवरच्या नक्षीला आपण सगळे जन्मभर फूल म्हणत आलो, आणि मास्तरांच्या या लाडक्या विद्यार्थ्याला त्यातली कविता सत्त्याहत्तराव्या वर्षी कळावी! रस्त्याला धरून ठेवतं ते फूल. ते गळालं की चाक फिरतं, पण धरत काहीच नाही.

त्याने तीन टायर समोर ओळीने उभे केले, मास्तर पोरांना उभं करायचे तसे. पहिला परदेशी, सर्वांत स्वस्त, काळाकुळकुळीत, चकचकीत. मला आवडलाही होता. नादेअलीने त्याच्यावर नख दाबलं आणि म्हणाला, "उन्हात दगड, पावसात साबण. शत्रूला द्यावा." दुसरा आपल्याकडचाच, मधल्या किमतीचा, झीज अगदी कमी. बाजूला आकडा कोरलेला असतो, तो जेवढा मोठा तेवढा टायर टिकाऊ म्हणे. या आकड्यावर सगळं कराज फिदा आहे. जो येतो तो आकडा वाचतो आणि घेऊन जातो. तिसरा मऊ रबराचा, खोल फुलाचा, ओल्या रस्त्याला घोरपडीसारखा धरणारा, पण निम्म्या अंतरात झिजणारा, आणि किंमत अशी की माझी तीन महिन्यांची पेन्शन एका घासात गिळेल. मी अर्थातच दुसऱ्यावर हात ठेवला. आपण टिकाऊ माल घेणाऱ्या पिढीतले. नादेअली म्हणाला, "साहेब, वर्षाला गाडी किती चालते?" मी हिशेब केला. भाकरीचं दुकान, दवाखाना, शुक्रवारी कबरस्तान. दोन हजार किलोमीटर, फार तर. "आणि हा टायर ऐंशी हजार चालतो. उरलेले कोण चालवणार, पणतू?" वर म्हणाला, "तोवर रबरच मरेल. रबर पळून जितकं मरत नाही ना, तितकं बसून मरतं. नवाकोरा टायर कोठीत ठेवा, सहा वर्षांत तडे जातील, एक पाऊल न चालता. ही बघा, जन्मतारीख लिहिलेली असते प्रत्येकावर. कितवा आठवडा, कुठलं वर्ष. फूल बघण्याआधी ही बघायची."

बसून मरतं हे मला माहीत होतं, बीजन. कुणी सांगायला नको होतं.

मी तिसराच घ्यायचं ठरवलं, पण दोन. चार घेण्याची ऐपत नव्हती. झालं, दुकानात बसलेली सगळी रिकामटेकडी मंडळी पुढे सरसावली. एकमुखाने म्हणाली, नवे दोन पुढे लावा, गाडी पुढची चाकं ओढतात. नादेअलीने हात झटकला. "पुढचं चाक सुटलं तर तुम्हाला हातात कळतं. मागचं सुटलं तर ते देवालाच कळतं. नवे मागेच लागतील." हे ऐकलं आणि मी तिथल्या स्टुलावर बसलो. का बसलो ते अख्तरला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग नादेअलीला म्हणाली, "चार लाव. गुडघे दोन दुखत असताना कुणी एकाला पट्टी बांधतं का?" दिवाणखान्यातल्या नव्या गालिच्यासाठी तिने पैसे बाजूला ठेवलेले होते, ते गेले. घरी येताना म्हणाली, जुना गालिचा आपल्यापेक्षा तरुण आहे, राहू दे.

पैसे देताना नेहमीचं नाटक झालं. "राहू द्या हो इंजिनियरसाहेब, तुमच्यापुढे याची काय किंमत." मी म्हटलं, छे छे. "खरंच राहू द्या, पुढच्या वेळी." छे छे. "माझ्या गळ्याची शपथ, नको." तेव्हा मी कार्ड त्याच्या तेलकट हातात कोंबलं आणि त्याने एका क्षणात पुरी रक्कम कापून घेतली. आपल्याकडे हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. पहिला नको रीतीचा, दुसरा संकोचाचा, तिसरा समोरच्याचं मन जोखण्याचा. चौथ्यांदा तोंडाने विचारायचंच नसतं. वस्तू उचलायची आणि हातात द्यायची. एवढं साधं आहे. नादेअलीला कळतं, त्याच्या दुकानातल्या रिकामटेकड्यांना कळतं.

टायर बसवायच्या आतच वीज गेली, ती संध्याकाळपर्यंत आली नाही. म्हणून त्याने ते चारही आपल्या गाडीत टाकून घरी आणून दिले. म्हणाला, उद्या वीज असली की गाडी घेऊन या, नाहीतर मीच येईन. आता ते खालच्या कोठीत आहेत, भिंतीला टेकून, एकावर एक. तीच कोठी, तीच भिंत. काल रात्री लोणच्याची बरणी आणायला गेलो आणि दारातच त्या नव्या रबराच्या वासाने मला अडवलं. बरणी न घेताच परत आलो. 

तुलाही तो वास आठवत असेल. लढाईचं वर्ष होतं. टायर दुकानात नव्हतेच, सरकारी चिठ्ठीवर मिळायचे, आणि चिठ्ठीसाठी आमच्या कचेरीत दोन वर्षं नंबर लागायचा. माझा नंबर लागला आणि बरोबर त्याच आठवड्यात माझी आई गेली. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तू घाट ओलांडून आलास, गुलनारला घेऊन, त्या पांढऱ्या पेकान गाडीतून. बर्फ पडत असताना आलास. माझ्या आईने तुला भाताची खरपुडी माझ्याआधी वाढली होती, म्हणून न येऊन चालणारच नव्हतं, असं तूच सगळ्यांना सांगत होतास. दोन दिवस तू पाणी भरलंस, पातेली उचललीस, पाहुण्यांच्या चपला लावल्यास. तिसऱ्या दिवशी निघालात. मी गाडीला वळसा घालून निरोप द्यायला आलो आणि तुझी चाकं पाहिली. कागदासारखी गुळगुळीत. मी म्हटलं, "बीजन, कोठीत चार नवे आहेत, ते चढव." तू हसलास. "तुझ्यावरून जीव ओवाळून टाकीन, पण ते नको. तुझा किती दिवसांचा नंबर होता." मी म्हटलं, घे रे. "अरे नको, हे अजून दोन हिवाळे जातील." मी पुन्हा म्हटलं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, म्हणालास, "आईच्या शपथेने सांगतो, नको." तेव्हा शेजारी उभ्या अख्तरने ओढणीआडून माझ्या पाठीत कोपर मारलं. आणि मी म्हणालो, "बरं तर. मर्जी तुझी."

त्याच दिवशी घाटातल्या बोगद्यापलीकडच्या उतारावर तुमची गाडी फिरली. दरीकडे नाही, डोंगराकडे, हे आपलं नशीब, असं सगळे म्हणत होते. तुला खरचटलंही नाही. गुलनारचा उजवा पाय मांडीपासून गेला म्हणायचा, जुळला पण वाकला नाही. तिचं ते पायाचं शिलाई मशीन, ज्यावर तिने अर्ध्या तोनेकाबोनच्या नवऱ्या सजवल्या होत्या, ते तू दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलंस आणि त्यावर कापड टाकलंस. नंतर ती हाताने शिवायची. मी चालूस गावच्या इस्पितळात आलो होतो, तेवढाच एकदा, दुसऱ्याच्या गाडीने. तू बाकावर बसला होतास. मी काही बोलायच्या आत म्हणालास, "रस्ता ओला होता." नंतरही जेव्हा जेव्हा कुणी विचारलं तेव्हा तू तेच सांगितलंस. रस्ता ओला होता. सदतीस वर्षांत एकदाही तुझ्या तोंडून टायर हा शब्द मी ऐकला नाही. उलट त्याच हिवाळ्यापासून संत्र्यांची पेटी यायला लागली, वर चिठ्ठी, ‘तुझ्या लायकीची नाहीत.’ दरवर्षी ती चिठ्ठी वाचताना मी मनात म्हणायचो, खरं आहे, फक्त उलटीकडून.

त्या टायरांचं पुढे काय झालं ते तू कधी विचारलं नाहीस. मी ते चढवले नाहीत. चढवणार कसा होतो? कुणाला दिलेही नाहीत, कारण कोणत्या तोंडाने द्यायचे. सहा वर्षं कोठीत पडून होते. एका उन्हाळ्यात हात लावला तर फुलाच्या प्रत्येक पाकळीच्या मुळाशी बारीक तडा. मग भंगारवाल्याला बोलावलं. त्याने ते गल्लीतून गडगडत नेले, आणि जाताना त्यांचा आवाज आला, टप्प, टप्प. मी खिडकी लावून घेतली.

मग तुझ्याकडे यायचं जमेना. तू चार वेळा इथे आलास, माझ्या पोरांच्या लग्नांना, अख्तरच्या ऑपरेशनला. त्या इस्पितळानंतर मी एकदाही घाट ओलांडला नाही. आधी कचेरी होती, मग रक्तदाब होता, आणि नंतर नंतर एक सोयीचं कारण सापडलं, ते मी इतक्या वेळा वापरलं की त्याचं मला काही वाटेनासं झालं. मागच्या वर्षी याच बहमन महिन्यात गुलनार गेल्याचं कळलं. त्या रात्री मी तुला पत्र लिहिलं, तीन पानं, चांगली भाषा, मास्तरांनी पाठ थोपटली असती अशी. आणि शेवटी लिहिलं, ‘चाळिसाव्याला यायची फार इच्छा आहे, पण गाडीचे टायर अगदी झिजलेत, घाट झेपणार नाही.’ पाकीट पेटीत टाकलं. टपालपेटीतून ते तळाला पडल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी मला कळलं मी काय लिहिलं होतं, आणि कुणाला. बीजन, मी त्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. हात अडकला. पोस्टमन आला तेव्हा मी तसाच उभा होतो. तो म्हणाला, "आजोबा, प्रेमपत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं का?" त्याने साबण लावून हात सोडवला, पण पाकीट दिलं नाही. कायदा आहे म्हणे. त्यानंतर तुझं उत्तर नाही. आणि यंदा पेटी नाही.

आता खरं सांगतो, म्हणजे हे पत्र कशासाठी होतं ते तुला कळेल. टायर घेतलेत हे कळवायला कुणी सहा पानं लिहीत नाही. तुझा तिसरा नको ऐकला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तो खरा नको नव्हता हे मला माहीत होतं. तुझे डोळे माझ्याकडे नव्हते, कोठीच्या दाराकडे होते. तरी मी रीतीच्या आड लपलो, कारण दोन वर्षांचा नंबर होता आणि टायर नवे होते. हे एवढं तुला कदाचित ठाऊक असेल. जे ठाऊक नाही ते हे. तुम्ही निघालात, अख्तर वाडग्यात हिरवं पान टाकून पाणी घेऊन उभी होती, माणूस पाण्यासारखा सुखरूप परत यावा म्हणून. रडण्याच्या भरात तिने ते जरा आधीच टाकलं, चढावर, तुझ्या चाकाखाली. वाडगाभर पाणी, बीजन. तेवढ्यावर तुझं मागचं चाक जागच्या जागी फिरलं आणि गाडीचं बूड हातभर बाजूला सरकलं. तुला आत कळलं नाही. अख्तरचे डोळे भरले होते. पाहिलं फक्त मी. मी हात वर केला. तो ‘थांब’ म्हणायला वर केला होता, देवाशपथ थांब म्हणायलाच. पण तू आरशात बघून हात हलवलास, गुलनारनेही मागे वळून हलवला, कटलेटांचं पुडकं मांडीवर धरून हसली, आणि मी माझा वर गेलेला हात तसाच हलवला, निरोपाचा असल्यासारखा. सदतीस वर्षं माझा तो हात खाली आलेला नाही. गुलनारला हे सांगायला हवं होतं, ते राहिलं. म्हणून वीस तारखेला तिच्या कबरीपाशी आणि तुझ्यासमोर सांगायला यायचं आहे. चार टायर ओल्या रस्त्यासाठीच निवडलेत. येऊ नको म्हणशील तर तीनदा म्हण. तीनदा म्हटलंस तरी मी येणारच.

हे लिहून पेन खाली ठेवलं, पाकिटावर पत्ता घालत होतो, तर खाली कुणीतरी फाटक बडवायला लागलंय. घंटा आहे, ती सोडून काठीने बडवतंय. अख्तर स्वयंपाकघरातून म्हणते, "बघ रे, भंगारवाला असेल, मेला फाटक मोडेल." मी ऐकतोय. टप्प, टप्प, टप-टप, टप्प. मग थोडं थांबून पुन्हा तेच. तिसऱ्या ओळीपाशी नुसतीच काठी.

खिडकीशी जाऊन आलो. तू आहेस. अंगात तोच तपकिरी कोट, हातात गुलनारची काठी, गाडीच्या टपावर दोरीने बांधलेल्या संत्र्यांच्या दोन पेट्या. आणि बहिरी माणसं ओरडतात तसा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतोयस, "फेरेदून! टायर झिजलेत म्हणून लिहिलंस ना? तुला न्यायला आलोय! वर्ष झालं, एक सेट मिळत नाही होय रे तुला?" अख्तर खिडकीत उभी राहून एका डोळ्याने हसतेय, दुसऱ्याने रडतेय. मी आधी तुझ्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं, पण नजर गेली ती तुझ्या मागच्या चाकांवर. गाढवा, फुलाचं नावसुद्धा नाही तिथे! त्या चाकांवर तू घाट उतरून आलास?

तुला ऐकू येत नाही ते बरंच आहे, नाहीतर हे सगळं मला तोंडाने सांगावं लागलं असतं आणि मी पुन्हा कुठल्यातरी कवितेत शिरलो असतो. पाकीट बंद करत नाही. हे पत्र असंच तुझ्या हातात देतो. अख्तरच्या चहाबरोबर पायरीवर बसून वाच, सावकाश, शेवटपर्यंत. मग काय म्हणायचं ते म्हण. तोवर मी नादेअलीला बोलावतो आणि कोठीतून ते चार टायर गडगडत बाहेर काढतो. तुझी माझी गाडी एकाच जातीची, माप एकच. आणि हे नीट लक्षात ठेव, या वेळी मी तुला विचारणार नाही.

दार उघडायला निघालो.

तुझाच, उशीर झालेला,
फेरेदून